दाढीमागे एक कागद

मी, बाळाजी राघो रेवसकर, वय अदमासे अठ्ठावन, धंदा केशकर्तनाचा, राहणार रेवस, तालुके अलिबाग, जिल्हा कुलाबा, माझ्या मागे काय कोणाचे ते या कागदाने ठरवून ठेवतो. छातीत दुखते, पण डोके ठिकाणावर आहे. मला कोणी दारू पाजलेली नाही की गळ घातलेली नाही. गळ घालत होता तो मेहुणा सदा, म्हणून त्याला आज बाहेर ओटीवर बसवले आहे.

राहते घर व परसातले दोन माड पत्नी केसर हिला. त्यात कोणी, विशेषतः सदाने, वाटा मागू नये.

धक्क्याजवळचे दुकान भाड्याचे. त्यातील दोन खुर्च्या, मुंबईहून आणलेला आरसा, सर्व वस्तरे व कातऱ्या धाकटा भाऊ काळूराम यास. तो सात वर्षे माझ्या दारात आलेला नाही, म्हणून कारण लिहिणे भाग आहे.

रोजची मिळकत मी पाच डब्यांत घालीत असे. रुपयातले तीन आणे भाड्याला, दोन साबण-तेलाला, चार काळूरामला, चार घराला, तीन पावसाळ्याला. आषाढात होड्या ओढून ठेवल्या की कोळी उधारीवर दाढी करतात, उतारूही रोडावतात. त्या दिवसांत शेवटचाच डबा कामी येतो. सन १९२६ साली तो श्रावण लागण्याआधीच संपला. डबा मीच भरी, मीच उघडी. तेव्हा पैसे डब्यात येण्याआधीच वाटेत जात असणार, असे मनाने घेतले. दुकानात आम्ही दोघेच.

वस्तऱ्याचा फेस पुसायला जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे लागतात. दाढीमागे एक कागद. मी सकाळी तुकडे मोजून ठेवू लागलो, संध्याकाळी उरलेले मोजू लागलो. काळूरामच्या खुर्चीकडे रोज दोन-तीन कागद जास्त जात आणि तेवढ्या दाढ्यांचे पैसे नसत. पंधरा दिवस मी कोणाला बोललो नाही. सोळाव्या दिवशी गिऱ्हाइकांसमोर त्याचा खिसा उलटा केला. आत एक विडी आणि फणी निघाली.

तो म्हणाला, "दादा, मला इचारायचं व्हतंस."

मी म्हणालो, "चोराला काय विचारायचं?"

त्याने खांद्यावरचे फडके खुर्चीवर ठेवले आणि तो चालता झाला. पुढे संस्थानी हद्दीत काशीदला दुकान मांडून बसला, असे कानावर आले.

मग दोन्ही खुर्च्यांचे काम माझ्यावर आले. कागद तरीही जास्तच जात. कोळ्यांच्या राठ, खारवलेल्या दाढीला दोन कागद लागतात. ते गिऱ्हाईक काळूरामकडे बसे, माझ्याकडे मुंबईचे उतारू. आणि डबा संपला तो कोळ्यांच्या उधारीने, जी मी कधी लिहूनच ठेवली नव्हती. हे कळायला आठ दिवस लागले. सांगायला जाण्यास सहा वर्षे गेली.

गेल्या शिमग्यात काशीदला गेलो. काळूरामने मला ओळखले, पण नाव घेतले नाही. "बसा," म्हणाला. दाढी करू लागला.

मी म्हणालो, "काळू, दोन कागद लागतात रे."

"माझ्या खुर्चीवर पयल्यापासून दोनच लागत व्हते," तो म्हणाला.

मी आणा दिला. तो खोटा तर नाही ना, म्हणून त्याने दगडावर वाजवून पाहिला, मग खिशात टाकला. मला राग आला नाही.

पावसाळ्याचा डबा केसरला. तो कुठे आहे ते तिला सांगितले आहे, इथे लिहीत नाही. कोळ्यांची उधारी कोणी मागू नये.

व्यवस्था शेजारचे काथ्याचे व्यापारी ताजुद्दीनशेठ यांनी पाहावी. त्यांनी काळूरामला निरोप पाठवावा. येईल की नाही, सांगता येत नाही. न आल्यास वस्तरे विकू नयेत. महिन्यातून एकदा केसरने त्यांना तेल लावावे.

हा कागद लिहिणाऱ्या विठोबांनी वाचून दाखवले ते ताजुद्दीनशेठकडून वेगळे वाचून घेतले. दोघांचे एकच निघाले, म्हणून सही करतो.

मुक्काम रेवस, ता. ९ ऑक्टोबर सन १९३३.

सही: बाळाजी राघो रेवसकर

साक्षीदार: १. ताजुद्दीन हुसेन, काथ्याचे व्यापारी, रेवस
२. विठोबा धर्मा, लेखक, रेवस