शिट्टी उशिरा वाजली

११ एप्रिल १९८३
फुटबॉलच्या सेमीफायनलला बीडला लोळवलं! एक-शून्य! जिंकलं ते जिंकलं, कसं का होईना. मी सकाळी तीन-शून्य म्हणले होते. मॅच संपल्यावर भुजंग खालून ओरडला, "वैनी, तुमचे दोन गोल कुठं गेले?" म्हणलं, तुझ्या चहात बुडाले, गाळून बघ!

भुजंगचं हॉटेल आमच्या घराखाली, आन् समोर शाळेचं मैदान. फुटबॉलचं सगळं कोर्ट हॉटेलात भरतं. ते खालून भांडतात, मी गच्चीवरून. सासूबाईंना खपत न्हाई. "बाईमाणसानं असं बोंबलायचं? लोक काय म्हणतील?" म्हणलं, मैदान घरासमोर मी आणून ठेवलं न्हाई. बाप रेल्वेत होता, मुदखेडला क्वार्टरच्या मागंच फुटबॉल चालायचा. समजायला लागल्यापासून तेच बघितलं. आता लग्न झालं म्हून डोळे फोडून घेऊ?

गेल्या सालापर्यंत आमची पोरं उस्मानाबादच्या नावानं खेळायची. पाय लातूरचे, नाव त्यांचं! आता जिल्हा झाला. पोरांच्या पिवळ्या बनियनवर छातीभर 'लातूर'. एकदा धुतलं की रंग जातो म्हणे. जाऊ दे. जिल्हा कुठं जातोय?

१३ एप्रिल
नांदेडनं परभणीला चार-शून्य हाणलं. मी परभणी जिंकंल म्हणले होते. परभणीवाल्यांनी तोंडघशी पाडलं.

म्हंजे फायनल लातूर-नांदेड, आपल्याच मैदानावर, चोवीस तारखेला. भुजंग म्हणतो, "वैनी, त्यांच्या फॉरवर्डला कोण अडवणार?" म्हणलं, आपला बॅक नरसिंग अडवंल. नांदेडचे फॉरवर्ड कधी जिंकलेत? त्यांचे रेफरी जिंकतात! लई माज चढलाय त्यांना. गोदावरी काय गावातून वाहते, जसं काय ह्यांनीच खोदली.

माझा अंदाज: लातूर दोन, नांदेड भोपळा.

१६ एप्रिल
टँकर आज पण न्हाई. विहिरीचा तळ दिसून राहिलाय. मैदानावर पाणी मारायचं का, यावर हॉटेलात हमरीतुमरी. जमीन तव्यासारखी तापलीय, पोरांचे गुडघे सोलून निघतात. पण प्यायला न्हाई आन् मातीला पाजायचं? शेवटी न्हाई मारायचं असं ठरलं. पहिल्यांदाच माझं आन् सासूबाईंचं एक मत झालं. त्याचंच नवल.

१८ एप्रिल
फायनलचा रेफरी कोण? — रेवणसिद्ध! माझा पाठचा भाऊ!

मुदखेडला पार्सल ऑफिसात कारकून हाय. एरवी मांजरासारखा गरीब, पण शिट्टी हातात आली की कलेक्टर. कमिटीनं काय हिशोब लावला बघा — राहतो नांदेड जिल्ह्यात, बहीण दिली लातुरात, म्हंजे दोन्हीकडचा! दोन्हीकडचे राजी झाले.

मला हसू आवरंना. हे मात्र गंभीर झाले. अडतीवरून आले तसे टोपी काढून बसले. "शिवकांता, आता गच्चीवरून जरा कमी बोल." म्हणलं, कामून? मी लातूरची हाय. भाऊ असला म्हून काय? चुकला तर त्याला पण सोडणार न्हाई.

२३ एप्रिल
आज जे झालं ते कुणाला सांगू?

रेवण आला. सकाळपासून पुरण शिजवून ठेवलं होतं. टँकरचं पाणी फडक्यानं दोनदा गाळून त्याच्यासाठी माठात वेगळं काढून ठेवलं होतं. आला, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. म्हणाला, "अक्का, मॅच होईपर्यंत आत येणार न्हाई. पाणी पण नको." शाळेतच उतरलाय, बाकीच्या पंचांबरोबर.

भाऊ गावात यावा आन् बहिणीच्या घरचं पाणी न पिता जावा! आमच्यात भांडण झाल्याशिवाय असं होत न्हाई. मैतीला आलेला माणूस पण पाणी पिऊन जातो. सासूबाई आतून म्हणाल्या, "बघ, तुझ्या माहेरची रीत." मी रेवणला म्हणलं, तुझी शिट्टी मोठी का मी? तो म्हणाला, "एक दिवस शिट्टी मोठी." आन् गेला. पुरण मी कुत्र्याला घालणार होते. मंग गल्लीतल्या लेकरांना वाटलं.

उद्या बघते.

२४ एप्रिल, रविवार
 आजचं आजच लिहिते.

चार वाजता सगळं गाव लोटलं. नांदेडहून दोन ट्रक भरून माणसं. मी गच्चीवर. खाली रेवण मैदानाच्या मधी उभा, उन्हात लाल झालेला. मला राहवलंच न्हाई. माठातलं पाणी तांब्यात घेतलं, जिना उतरले, डोक्यावरचा पदर नीट केला, सरळ मैदानात! सासूबाई वरून हाका मारून राहिल्या. म्हणलं, घरी पीत न्हाईस ना? हितं पी. सगळ्यांसमोर पी! रेवण बघतच राहिला. तोंड कोरडं पडलेलं. त्यानं तांब्या घेतला आन् घटाघटा प्याला.

झालं! नांदेडवाल्यांनी बोंब ठोकली — "पंचाला लातूरचं पाणी पाजलं!" त्यांचा कॅप्टन कमिटीकडं धावला. दुसरा रेफरी द्या म्हणे! मी तिथंच उभी. म्हणलं, तुम्हाला बहिणी न्हाईत का रे? तुमच्या गावात गोदावरी, म्हून पाण्याची किंमत न्हाई तुम्हाला! आमची पोरं टाळ्या वाजवून राहिली. कमिटीनं कशीबशी समजूत घातली. मला कुणीतरी म्हणलं, बाई, घरी जावा. न्हाई गेले. गोलच्या मागं शाळेची बुटकी भिंत हाय, तिथं बसले. आयुष्यात पहिल्यांदा मैदानातून मॅच बघितली. बघा म्हणलं काय बघायचं ते!

पहिला हाफ आपला होता. नरसिंगनं त्यांच्या फॉरवर्डला असं बांधून ठेवलं की बास! दुसऱ्या हाफला बाजू बदलल्या, लातूरचा गोल माझ्यासमोर आला. शून्य-शून्य. अंधारून येत होतं. नांदेडचा कॉर्नर. बॉल आला, सगळे एकदम उडाले, आन् नरसिंगचा हात — माझ्यापासून, इथून चूल जेवढी, तेवढ्या अंतरावर — त्याचा उजवा हात बॉलला लागला. चांगला लागला. बॉल बाहेर गेला. गोंगाट म्हंजे कानठळ्या! रेवण पलीकडून पळत आला, थांबला. मला वाटलं, सोडून देतो. मंग शिट्टी. पेनल्टी!

गोल. एक-शून्य. संपलं.

लोक रेवणच्या अंगावर गेले. पोलिसांनी मधी घेऊन शाळेत नेला, तिथून जीपमधून स्टेशनवर. बहिणीच्या घरी यायचं राहिलंच. भिंतीवर बसून मी रडले. कप गेला म्हून रडले, का त्याच्या पाठीवर दगड बसला म्हून — देव जाणे.

२५ एप्रिल
गावात एकच गोष्ट. पाण्याचा डाग धुवायला रेवणनं पेनल्टी दिली! अक्कानं पाणी पाजलं, नांदेडवाले ओरडले, हा घाबरला, आन् लातूरचा बळी दिला. म्हंजे गुन्हेगार मी.

भुजंग म्हणतो, "वैनी, हात लागला असता तर शिट्टी लगेच वाजली असती. ती उशिरा वाजली. एवढा वेळ काय देवाला विचारून राहिला होता का?" मी गच्चीवरून सांगितलं, हात लागला. माझ्या डोळ्यासमोर लागला. विचार करून वाजवली शिट्टी, तुझ्यासारखं न्हाई, आधी तोंड आन् मंग डोकं!

हॉटेलाच्या कोपऱ्यातून कुणीतरी म्हणलं, "मुदखेडची ती मुदखेडचीच." सतरा वर्षं ह्या गावात चूल पेटवली मी!

२६ एप्रिल
हात लागला. लागला. लागला.

२८ एप्रिल
हे आज अडतीवरून लवकर आले. हमाल सुद्धा चिडवतात म्हणे — "मालक, काटा नांदेडचा का लातूरचा?" जेवण झाल्यावर हळूच म्हणाले, "एकदा म्हण, मला नीट दिसलं न्हाई. तेवढं म्हणलीस की मिटलं."

म्हणलं, तुम्हाला काय वाटतं? लागला का न्हाई?

"मला काय वाटून करायचंय? माझं गिऱ्हाईक तुटून राहिलंय."

मंग सासूबाई बोलल्या. "त्या रेवणचं पाऊल परत या घरात पडायचं न्हाई. तू पाहिजे तर जा तिकडं, त्याला ओवाळत बस." मी ताट उचललं आन् म्हणलं, तो चोर असता तर मीच दार लावून घेतलं असतं. त्यानं बघितलं आन् खरं सांगितलं. गावाला खरं पचंना म्हून मी भाऊ सोडू? दुष्काळात पाणी आटतं, माणसाची जीभ न्हाई आटत.

रात्रभर डोळ्याला डोळा न्हाई. रेवणला लहानपणी मीच कडेवर घेऊन फिरवलंय. माझ्यापायी त्याला लबाड म्हणून राहिलेत. पाणी नेलं नसतं तर कुणाची छाती होती बोलायची? लातूर हरलं ते दुखतंय, पण हे त्याहून जास्ती दुखतंय.

३० एप्रिल
टँकर आला. सगळी गल्ली घागरी घेऊन लायनीत. माझ्या मागं-पुढं कुणी बोलंना. सिंधु, जी रोज माझ्याकडनं विरजण नेते, ती तोंड फिरवून उभी. तेवढ्यात नरसिंग आला आईची घागर घेऊन. बरं सापडलास!

म्हणलं, नरसिंग, इकडं बघ. तू लई चांगला खेळलास, तुझ्यासारखा बॅक नांदेडला सात जन्मात मिळायचा न्हाई. आता आईच्या घागरीवर हात ठेव आन् सांग, लागला का न्हाई?

पोरगं लाल झालं. "काकू, मॅचमधी..." एवढंच म्हणलं. घागर तशीच रिकामी घेऊन निघून गेलं. दुष्काळात टँकरसमोरून रिकामी घागर नेली! लायनीतल्या सगळ्यांनी बघितलं. सिंधुनं पण.  माझा नंबर आल्यावर सिंधुनं माझ्या घागरीला हात लावला उचलायला.

नरसिंगची घागर मंग मीच भरून त्याच्या आईला नेऊन दिली. पोराचा काय दोष? हात कधीकधी आपोआप जातो.

३ मे
भुजंगचा सूर बदललाय. आता म्हणतो, "हात लागला असंल वैनी, पण मुद्दाम न्हाई लागला. मुद्दाम नसंल तर पेनल्टी न्हाई." चला, लागला इथपर्यंत तर आलं गाडं! दोन तास भांडलो. घसा बसला. लई दिवसांनी बरं वाटलं.

हे खाली चहा प्यायला गेले होते. वर येऊन म्हणाले, "पुढच्या साली बघून घेऊ नांदेडला." बास, एवढंच. सासूबाई अजून बोलत न्हाईत.

५ मे
सांगून टाकलं — मुदखेडला जाते. न विचारता. यष्टीचे पैसे माझे. सासूबाई म्हणाल्या, "गेलीस तर..."  मी पिशवी भरली. रेवणला जाऊन सांगणार हाय की तुझी इज्जत मी लातुरात खाली पडू दिली न्हाई. माझ्या भावानं स्वतःच्या डोळ्यानं बघितलं आन् बेधडक शिट्टी मारली, असं तोंडावर सांगितलंय सगळ्यांच्या!

७ मे, मुदखेड
सगळं सांगितलं रेवणला. टँकरचं, घागरीचं, भुजंगचं. तो खाली मान घालून जेवत होता. मंग म्हणाला, "अक्का, मला हात दिसलाच न्हाई. मधी पोरं होती. मला काहीच समजंना. मी भिंतीकडं बघितलं. तू दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतंस. लातूरचा गोल वाचला, आन् तू तोंड झाकलंस! मंग मी शिट्टी मारली."

म्हंजे पेनल्टी मी दिली.

आन् बरोबर दिली!