ओ कुणी द्यायची

६ जानेवारी, सोमवार

हाक मी अमृताला मारली. ओ दिली वीणाने! नेहमीचंच हे. नातीला विचारावं, चहा घेतेस का गं, तर आतून सून ओरडते, "ती अभ्यास करतेय, आत्ती!" मी तुला विचारलं का? पोरीला देवाने तोंड दिलंय. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, आणि अजून तिला भूक लागली की नाही ते आई सांगते!

मुलगा त्याहून वरचढ. शिवकुमार कारखान्यात सुपरवायझर, घरातही सुपरवायझर. बेळगावहून त्याच्या मामाने फोनवर विचारलं, अमू कशी आहे? म्हणाला, "एकदम टॉपला." अमू शेजारीच बसली होती. भिंतीकडे बघत.

मी तिसरीत शाळा सोडली आणि निपाणीत विड्या वळायला बसले. अक्षर वेडंवाकडं. पण या घरात माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतो तो हा कागद. मध्ये तोंड घालत नाही.

८ जानेवारी, बुधवार

आज अमूचा पहिला पेपर. सगळे दारात उभे. मी तिच्या तळहातावर दही-साखर ठेवली. शिवकुमारच्या दहावीपासून हा हात दही देतोय, अजून कुणी नापास झालेलं नाही. बोटं गार होती तिची. दही चाटलं, पाया पडली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं — "उशीर होतोय," वीणा म्हणाली. तोंड मिटलं. गेली.

डबा तसाच परत आला. भाताचा गोळा झालेला. वीणा म्हणते, टेन्शन असतं. टेन्शनवाल्यांना पोट नसतं का?

१० जानेवारी, शुक्रवार

दुसरा पेपर. दही दिलं. डबा परत.

१२ जानेवारी, रविवार

शुभंकर आला होता. वीणाचा मावसभाऊ. मूळचा पुण्याचा, आता इथेच इंदिरानगरात राहतो, कॉम्प्युटरमध्ये आहे. येताना केक आणतो, जाताना उपदेश ठेवून जातो. अमूला समोर बसवलं. "लाइफमध्ये फोकस पाहिजे, अमृता. मोठ्या गोलचे छोटे छोटे गोल करायचे. सकाळी पाचला उठ. फेल्युअरला घाबरायचं नाही. स्माइल!"

पोरगी मान हलवतेय. स्माइलसुद्धा केलं बिचारीने. मी म्हटलं, "शुभंकरा, ती झोपतच नाही. पाचला उठेल कुठून?"

"आज्जी, तुम्ही किती क्यूट आहात!"

क्यूट! माझे दात पडले, गुडघे गेले, आणि आता मी क्यूट!

तो गेल्यावर अमू उठून खोलीत गेली. केकला हात लावला नाही. मीच खाल्ला. फुकट का घालवा?

१४ जानेवारी, संक्रांत

समोरच्या कावेरीक्का एळ्ळु-बेल्ल, म्हणजे त्यांचा कानडी तिळगूळ, घेऊन आल्या. मी आपला तिळगूळ दिला. त्यांनी अमूला विचारलं, "पेपर हेगाय्तु?" कसे गेले म्हणून. वीणाने सांगितलं, छान गेले, सगळेच छान! कावेरीक्का "सरी, सरी" करत गेल्या. अमूच्या हातातल्या वाटीतले तीळ खाली सांडले होते. वीणा म्हणाली, वेंधळी. मी वाकून तीळ वेचले. वेंधळेपणा काय असतो ते मला कळतं. हे ते नव्हे.

२० जानेवारी, सोमवार

शिवकुमार भर दुपारी घरी! कॉलेजातून त्याला फोन आला. अमू पेपरला बसलीच नाही. एकाही!

"का?" एवढा ओरडला की कावेरीक्कांचं दार उघडलं. आणि उत्तरही त्यानेच दिलं: "मोबाईल! दुसरं काय असणार!" वीणा म्हणाली, "मैत्रिणी तशा मिळाल्यात." "मैत्रिणी नाही, मोबाईल!" दोघं तिच्या डोक्यावरून भांडत राहिली. ती मध्ये उभी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

मला ते दही आठवत होतं. दर पेपरला दिलेलं.

२१ जानेवारी, मंगळवार

कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले. अमू मागोमाग आली.

"मग जायचीस कुठं गं?"

"यशवंतपूर स्टेशनला. प्लॅटफॉर्मवर बसायचे."

"काय करायला?"

"गाड्या बघायला."

टॉवेल पिळत राहिले. पाणी कधीच संपलं होतं.

मग तीच म्हणाली, "पहिल्याच दिवशी सांगणार होते, आज्जी. पण तू हातावर दही ठेवलंस. सगळे दारात उभे. ते चाटल्यावर काय सांगू?"

दही म्हणजे आशीर्वाद अशी माझी समजूत. पोरीच्या तोंडाला मी कुलूप लावत होते.

२३ जानेवारी, गुरुवार

आज मीही शुभंकर झाले. शिकवण द्यायला गेले! म्हटलं, "विड्या वळताना ढिगाकडे बघायचं नसतं. हातातलं पान बघायचं. एक वळून झाली की दुसरी."

अमू हसली. असं हसणं कुणाच्या वाट्याला न येवो. म्हणाली, "तुझ्या हातात पान तरी असायचं. मी पुस्तक उघडते, अक्षरं दिसतात, आत काही जात नाही. आंघोळीला उठायचं म्हटलं तरी अंगावर येतं. मी संपलेय, आज्जी."

आयुष्यभर सगळ्यांना फाडफाड बोलले, आणि या पोरीला द्यायला माझ्याकडे एक कामाचा शब्द नाही. एकही!

शिवकुमार जे. पी. नगरात नवा क्लास बघून आला. वीणाने नवस बोललाय. घरातले सगळे कामाला लागलेत. ती तेवढी भिंतीकडे तोंड करून पडून आहे.

२४ जानेवारी, शुक्रवार

काल जेवली नाही. आजही नाही. चार वेळा हाक मारली, चारही वेळा वीणाने ओ दिली. त्या गाड्या डोक्यातून जात नाहीत.

२५ जानेवारी, शनिवार

सकाळी चहाच्या वेळी सगळ्यांसमोर विचारलं. "अमू, मरावंसं वाटतं का तुला?"

वीणा किंचाळली, "शुभ बोला, आत्ती! तिला कशाला असलं काही वाटेल!" शिवकुमार म्हणाला, "आई, आपल्या घरात असलं —"

"तुम्हाला विचारलं नाही मी!"

अमू माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हो."

शिवकुमार रिक्षा आणायला गेलाय. मनाच्या डॉक्टरकडे निघालोय. माझ्या डाव्या हातात तिचा हात आहे, उजव्याने लिहितेय. दोघांना बजावून ठेवलंय: डॉक्टर विचारतील ते विचारतील. आईने बोलायचं नाही, बापाने नाही, मीही नाही. वेळ लागला तर लागू दे. ओ अमूनेच द्यायची.