सहा नंबरचा पिंजरा

१२ जानेवारी २००४, सोमवार

पांढरे नाहीत, काळे! मी आपली शाळेच्या पुस्तकातले पांढरे उंदीर डोक्यात घेऊन गेले होते. हे काळेकुळकुळीत, डोळे पिकल्या करवंदासारखे. चोवीस उंदीर. सहा पिंजरे, पिंजऱ्यात चार-चार. कानाला बारीक भोकं पाडलेली, त्यावरून नंबर ओळखायचा.

नोकरीचा पहिला दिवस. शिनोलीहून मंचर, मंचरहून पुढे हायवेला संशोधन संस्थेच्या गेटवर उतरायचं. बी.एस्सी. झाल्यापासून दोन वर्षं घरी बसले होते, आता पांढरा कोट मिळालाय! पिंजरे साफ करायचे, खाणं-पाणी बघायचं आणि स्टॉपवॉच घेऊन नोंदी करायच्या.

डॉ. अश्विनी मॅडमनी सांगितलं ते अजून डोक्यात फिरतंय. यातल्या काही उंदरांचा एक जीन बंद केलेला आहे. जन्मायच्याही आधी! शरीराच्या एवढ्या मोठ्या पोथीतली एकच ओळ खोडलेली. मूळ जोड्या अमेरिकेतून आल्या, पिल्लं इथली. खोडलेले कुठले आणि साधे कुठले, ते मॅडमच्या कपाटातल्या कागदावर आहे. मला सांगणार नाहीत. "कळलं की डोळे हवं तेच बघायला लागतात," म्हणाल्या.

"हे सगळं कशासाठी, माहीत आहे?"

"मनाच्या आजारांसाठी," मी म्हणाले.

दादाचं काही बोलले नाही.

१६ जानेवारी

आज आवाजाची चाचणी. उंदराला छोट्या डबीत ठेवतात. एकदम मोठा आवाज केला की तो दचकतो, आणि किती दचकला त्याची रेघ कॉम्प्युटरवर उमटते. मग गंमत अशी, की मोठ्या आवाजाच्या आधी अगदी बारीक 'टिक' करायचं. ज्याचं डोकं नीट चालतं तो त्या 'टिक'नेच सावध होतो आणि कमी दचकतो. मेंदू आपणहून दार थोडं लोटून घेतो.

काही उंदीर मात्र टिक होऊ दे नाहीतर न होऊ दे, तेवढेच दचकतात. रेघ थेट वर! पुन्हा पुन्हा. त्यांचं दार लोटलंच जात नाही.

मी कागदावर आकडे लिहीत गेले.

१८ जानेवारी

घरी कुकर लावला. पहिली शिट्टी झाली, दादा कानावर हात दाबून कोपऱ्यात. दुसरी झाली, तसाच. तिसरीलाही तसाच. नऊ वर्षं हे बघतेय आणि नऊ वर्षं आम्ही म्हणत आलो, "अरे, आत्ताच तर झाली ना शिट्टी, आता काय घाबरायचं?"

त्याला प्रत्येक शिट्टी पहिलीच असते!

कुणी सांगितलंच नाही आम्हाला. पुण्याच्या दवाखान्यातून गोळ्या मिळतात, आबा दर महिन्याला घेऊन येतात. पण हे कुणी सांगितलं नाही.

मी गॅस बंद केला. भात पातेल्यात शिजवला. आई म्हणाली, "आज काय झालं तुला?"

२३ जानेवारी

दादाचं एकदा लिहून ठेवते. कागदाशिवाय कुणाला सांगणार?

नाव संघर्ष. माझ्याहून चार वर्षांनी मोठा. बारावीला आईने त्याला आतल्या खोलीत बसवलं आणि बाहेरून कडी घातली. रोज. "तुझ्या आज्यानं लोकांची जनावरं राखली, तू सायेब व्हायचं." भाकरी दारातून सरकवायची. तो पास झाला, चांगला झाला, पुण्याला इंजिनियरिंगला गेला. दुसऱ्या वर्षाला परत आला तो असा. भिंतीशी बोलणारा. अंघोळ नाही. दाढी छातीपर्यंत. उंबऱ्याबाहेर पाऊल नाही.

थोरली आत्या चारचौघांत म्हणाली होती, "वहिनीनं पोराला कोंडून कोंडून येडं केलं."

 त्या खोलीची कडी आईने स्वतः उचकटून काढली. दारावर चार खिळ्यांची भोकं आहेत अजून.

३ फेब्रुवारी

मिशा!

पिंजरे धुताना लक्षात आलं. काही उंदरांच्या मिशा पूर्ण आहेत, लांब, देखण्या. काहींच्या अगदी कातरल्यासारख्या आखूड. आधी वाटलं आजार आहे. मग खुर्ची टाकून बघत बसले. ते एकमेकांच्या मिशा कातरतात! एक दुसऱ्याला पंज्याखाली धरतो, कुरतडत राहतो आणि दुसरा डोळे मिटून पडून राहतो. जत्रेच्या आदल्या दिवशी न्हाव्यापुढे मान टाकलेल्या माणसासारखा.

म्हणजे आखूड मिशांचे ते सोबतीतले. ज्यांच्या मिशा देखण्या, त्यांना कुणी हात लावत नाही.



४ फेब्रुवारी

झोपताना बघितलं. एक, तीन, चार आणि सहा नंबरच्या पिंजऱ्यात कापसाचं गोल घरटं, त्यात चौघे ढीग करून. दोन आणि पाच नंबरात कापूस तसाच चपटा पडलेला. चार उंदीर, चार कोपरे.

मॅडमना सांगितलं. त्या चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिल्या. "मी महिनाभर रोज बघतेय, मला दिसलं नाही हे. परदेशातल्या एका लेखात वाचलं होतं." मग म्हणाल्या, "आता घरट्याची उंची मोजायची, रोज. आणि तुझा अंदाज लिहून पाकिटात घाल. मी उघडणार नाही."

चोवीस नंबर लिहिले. दोन आणि पाच नंबरचे आठही 'खोडलेले'. बाकी सगळे 'साधे'. पाकीट चिकटवलं.

११ फेब्रुवारी

दादाला उंदरांचं सांगितलं. असंच, भाजी निवडता निवडता. तो ऐकतो की नाही कळत नाही.  मग भिंतीकडे बघतच म्हणाला, "त्यांना माहीत असतं का, त्यांच्यातलं काय काढलंय ते?"

एवढं लांब वाक्य मी वर्षात ऐकलं नव्हतं.

मी म्हणाले, "माहीत नाही रे."

"मला असतं," तो म्हणाला.

१९ फेब्रुवारी

पाच नंबरातला एक उंदीर मॅडमनी मेंदूच्या तपासणीसाठी घेतला. मी हजर राहिले, नाही म्हणता आलं असतं तरी. शांतपणे गेला. मेंदू काचेवर ठेवला. पावट्याच्या दाण्याएवढा, गुलाबी-पांढरा. एवढ्याशात भीती असते, झोप असते, शेजाऱ्याच्या मिशा कातरायची आठवण असते!

जेवले नाही. पण कामावर जायचंच आहे. त्याला जे घेतलं ते वाया जाऊ नये एवढंच वाटलं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

मॅडमच्या कपाटातला कागद उघडला.

माझं पाकीटही उघडलं. मॅडम एकेक नंबर वाचत गेल्या, मी खूण करत गेले. एकवीस बरोबर! मॅडमनी टेबलावर हात आपटला.

"तीन चुकले ते कुठले?" त्यांनी विचारलं.

तिन्ही सहा नंबरच्या पिंजऱ्यातले. मी त्यांना साधे लिहिलं होतं. ते तिघेही खोडलेले निघाले. त्या पिंजऱ्यात साधा असा एकच, कानाला दोन भोकांचा.

आम्ही दोघी धावत गेलो. खरंच धावलो! पिंजऱ्यापुढे बसलो. तो दोन भोकांचा कापूस ओढत होता. एकटाच. घरटं झालं की गेला, एकाला नाकाने ढोसत ढोसत आणलं. मग दुसऱ्याला. तिसरा कोपऱ्यात होता, तर हाच जाऊन त्याला चिकटून बसला आणि मिशा कातरायला लागला. स्वतःच्या मात्र मिशा पूर्ण. त्याच्या कातरणार कोण?

म्हणजे ते तिघे बरे नव्हते झाले. आवाजाच्या रेघा बघितल्या, तशाच वरपर्यंत. जीन बंद तो बंदच. पण त्यांना कुणीतरी ढिगात घेतलं होतं, म्हणून मला ओळखू आले नाहीत.

मॅडम म्हणाल्या, "एका पिंजऱ्यावरून काही सिद्ध होत नाही हं. आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे." पण त्यांचेही डोळे भरले होते. मग मी दादाचं सांगितलं. सगळं. कडीचं पण.

त्या म्हणाल्या, "आईंना घेऊन ये."

६ मार्च, शनिवार

आई आली! लग्नाला निघाल्यासारखी निळी साडी नेसून. दादाजवळ आबा थांबले. गेटवर आईला कोट, टोपी, तोंडाला पट्टी. "ऑपरेशन करत्यात का काय माझं," म्हणाली.

सगळे पिंजरे दाखवले. दोन नंबरपुढे थांबली. चार कोपरे, चार उंदीर. बराच वेळ बघितलं तिने. मी सांगितलं, हे जन्मतःच असे.

"ह्यांची आय कोन?"

मॅडम म्हणाल्या, "साधे आहेत त्यातल्या काहींची आणि यांची आई एकच. एकाच वेळी झालेली पिल्लं. एकच दूध प्यायलेली. नंतर वेगळी ठेवली."

"मंग आयनं ह्यांना मारलं? कोंडलं?"

"नाही बनाबाई. सगळ्यांना सारखंच वाढवलं तिने."

"म्हंजी आयनं कायबी केलं न्हाई?"

"काहीच नाही."

आई खाली फरशीवर बसली. कोट, टोपी, सगळ्यासकट. रडली नाही. नुसती पिंजऱ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नऊ वरसं झाली वो मॅडम. रोज त्या खोलीत झाडू मारती. रोज वाटतं, कडी घातली नसती तर."

मॅडमपण तिच्यासमोर फरशीवर बसल्या. म्हणाल्या, "माणसाचं इतकं सरळ नसतं. एका जीनवर सगळं ठरत नाही, बऱ्याच गोष्टी असतात. पण कडीने हा आजार होत नाही. एवढं मी छातीवर हात ठेवून सांगते."

मग सहा नंबर दाखवला. दोन भोकांचा कामातच होता. आई पट्टीआडून हसली. इतक्या वर्षांनी! "बाई हाय ना ती?"

"सगळ्या माद्याच आहेत, आई."

"वळखलं मी."

निघताना मॅडमनी सहज विचारलं, "तुमच्या माहेरी कुणाला असा त्रास होता का? कधीकधी हे रक्तातून येतं."

"न्हाई," आई म्हणाली. "कुनालाच न्हाई."



९ मार्च

आई जेवत नाही. तीन दिवस झाले. भाकऱ्या थापते, सगळ्यांना वाढते आणि स्वतः उठून जाते. आबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तिकडं काय दावलं तू हिला?"

मला वाटलं होतं तिच्या उरावरचा धोंडा उतरेल. उतरलेला मी डोळ्यांनी बघितला! मग हे काय? काय चुकलं माझं?

१२ मार्च

आज आई दादाच्या खोलीत गेली. कात्री आणि गरम पाण्याचा तांब्या घेऊन. मी दाराबाहेर उभी. तो दाढीला हात लावू देत नाही, मागच्या खेपेला आबांच्या मनगटाला चावला होता. आई नुसती त्याच्याशेजारी चिकटून बसली. अर्धा तास.  मग एक कट. थांबली. मग दुसरा.

त्याने डोळे मिटून घेतले!

छातीवरची दाढी हनुवटीपर्यंत आली. आतून दादा निघाला. आमचाच. गालावर खळी होती त्याला, मी विसरलेच होते.

बाहेर आल्यावर आईने माझा हात धरला. "रक्तातनं येतं म्हनली ना ती मॅडम?"

"कधीकधी, आई."

"मंग माझ्याच रक्तातनं आलं."

 मी विचारत राहिले, ती केस गोळा करत राहिली.

१४ मार्च, रविवार

आईला भाऊ आहे. सख्खा. सोमाजी नाव. आईच्या लग्नाआधीच तो दादासारखा झाला. सोयरीक मोडू नये म्हणून घरच्यांनी लपवला, आणि पुढे तिनेही आम्हाला मामा नाही असंच सांगितलं. तीस वर्षं! तो जिवंत आहे, आपटाळ्याला चुलत भावाच्या गोठ्याशेजारच्या खोलीत. सकाळी तिने आबांना सांगितलं. आबा एवढंच म्हणाले, "त्याला जेवाया कोन वाढतं?"

उद्या पहिल्या गाडीने आई, आबा आणि मी, आम्ही तिघं जुन्नरला जाणार, तिथून आपटाळ्याला. रजेची चिठ्ठी लिहून ठेवली. दादापाशी शेजारच्या काकू बसणार होत्या.

पण दादा मघापासून घरभर चप्पल शोधतोय.