रांजणातल्या पाण्यावर चालणारा कॉम्प्युटर

अण्णा,

मागच्या आठवड्यात पारनेरला गेले होते. स्टँडमागच्या आपल्या टायपिंग क्लासच्या जागेत आता एक जण मोबाईल दुरुस्त करतो. आत गेले नाही, रस्त्यावरूनच बघितलं. वरचे पत्रे तेच आहेत. ऊन मी म्हणत होतं आणि तो माणूस मानेवर ओला टॉवेल टाकून काम करत होता. घरी परतल्यावर लक्षात आलं, तुमच्या कॉम्प्युटरचं पुढे काय झालं ते तुम्हाला कळलंच नाही. म्हणून लिहितेय.

टाइपरायटरवर शिकायला येणारे कमी व्हायला लागले तेव्हा तुम्ही तो आणलात. एका साखर कारखान्याच्या ऑफिसातून जुना झाला म्हणून काढून टाकलेला, पिवळट पडलेला. आई म्हणाली होती की लोक टाकून देतात ते आपण घरात घेतो. हिवाळाभर तो बरा चालला. उन्हाळा आला आणि गडी तापायला लागला. थोडा वेळ चालायचा, मग पडद्यावरची अक्षरं जागच्या जागी थिजायची, की बंद करून वाट बघत बसायचं. आतला पंखा धुळीने अडकायचा, नवा बसवला तरी पत्र्याखालची गरम हवाच फिरवायचा. तुम्ही मग पंख्याचा नाद सोडलात. हायवेवरच्या रेडिएटरवाल्याकडून तांब्याच्या पट्टीवर तांब्याची नळी डाखून आणलीत, ती आतल्या तापणाऱ्या चिपवर बसवलीत. टेबलाखाली मातीचा रांजण आणि रांजणात कूलरचा पंप. पाणी प्लॅस्टिकच्या नळीतून वर जायचं, चिपवरून फिरून परत रांजणात पडायचं. गावात हसले लोक. तुम्ही त्यांना शांतपणे सांगायचात, माणसाला घाम येतो, याला येत नाही, मग याला पाणी आपणच द्यायला नको का?

मी एकदा पंप न लावताच मशिन चालू केलं होतं. मी नगरला बीएस्सीला होते, मला सगळं कळतं असं मला वाटायचं. तुम्ही ओरडला नाहीत. खुर्ची ओढून समोर बसलात आणि म्हणालात, "आधी पाणी, मग वीज. हे तुला मी परत सांगणार नाही." खरंच परत सांगितलं नाहीत. त्याच संध्याकाळी डाख द्यायची तुमची डाखणी माझ्या हातात दिलीत, लाकडी मुठीची, आणि म्हणालात ही आता तुझी. रागावलेला माणूस असं का करतो ते मला तेव्हा कळलं नाही.

त्या मे महिन्यात पाण्यावरही तो तापायला लागला. प्लॅस्टिकची नळी कडक होऊन चिरली असेल असं तुम्हाला वाटलं, म्हणून नवी आणायला नगरला गेलात. येताना बसमध्येच, सुप्याच्या पुढे. कंडक्टरला वाटलं तुम्हाला झोप लागली आहे. तुमची पिशवी कुणीतरी घरी आणून दिली. तिच्यात नळीचं वेटोळं होतं आणि आईसाठी घेतलेले आंबे. त्यानंतरचे दिवस मला एखाद्याने सांगितल्यासारखे आठवतात. बायका येतात, आईच्या गळ्यात पडतात, मग माझ्याकडे बघतात. मी पाहुण्यांना पाणी देते, चपला सरळ लावते. मावशी आईला हळूच म्हणते की पोरगी रडत नाही, तिला रडवा. मला ते ऐकू येतं आणि तेही दुसऱ्या कुणाबद्दल असावं असं वाटतं.

तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी ती दारात आली. तुमची विद्यार्थिनी, पठारावरच्या गावातून यायची ती, कडेवर लेकरू घेऊन. क्लासमध्ये सगळ्यात मागे बसायची ना, तीच. परीक्षा आठवड्यावर आली होती, परीक्षक नगरहून येणार होते आणि मशिन सुरू नसेल तर आपल्याकडचं केंद्रच रद्द होणार होतं. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. म्हणाली, "सर न्हाईत हे मला ठावं हाय. असं इचारू नये. पन घरचे म्हनले, हीच परीक्षा, पुन्ना जायचं न्हाई." एवढं बोलून ती रडायला लागली, तुमच्यासाठी की स्वतःसाठी ते तिलाही सांगता आलं नसतं. आई भिंतीला टेकून बसली होती, कुणाशी बोलत नव्हती. ती उठली, खुंटीवरची किल्ली काढून माझ्या हातात दिली. "जा, उघड," म्हणाली.

मी उघडलं. तुमचा चष्मा टेबलावर होता, तो बाजूला ठेवला. नळी चिरलेली नव्हती, अण्णा. पंपही चालत होता, पण रांजणात परत पडणारी धार दोऱ्याएवढी बारीक होती. पट्टी सोडवून तिच्यावरच्या तांब्याच्या नळीत तार घातली, तर तार आत जाईना. आपल्या बोअरच्या पाण्याचा क्षार, बंबात साचतो तसला, आत दगडासारखा बसला होता. मी पट्टी घेऊन घरी आले. आईने ती बघितली आणि लिंबं कापायला घेतली. पातेल्यात रस उकळून आम्ही नळीतून ओतत राहिलो, आत फसफसायचं, पांढरा गाळ मोरीत पडायचा. पट्टीची बाहेरची बाजू तिने चिंचेने घासून लख्ख केली, देवाचा तांब्या घासते तशी. त्याची गरज नव्हती, पण मी तिला थांबवलं नाही. दुपारभर आम्ही दोघी मोरीत बसलो होतो आणि तुमचं नाव एकदाही काढलं नाही. चिपवर लावायची पांढरी पेस्ट टीव्हीवाल्याकडून आणली. प्लॅस्टिकची जुनी नळी काढून तुमच्या पिशवीतली बसवली. रांजण घासून त्यात उकळून गार केलेलं पाणी भरलं. मग पंप लावला, धार नीट पडतेय ते बघितलं आणि बटण दाबलं.

परीक्षा झाली. ती पास झाली, पुढे पंचायत समितीत लागली, आईला भेटायला यायची. आईने एक मास्तर ठेवून क्लास बरीच वर्षं चालवला. नवे कॉम्प्युटर आले तसं तुमचं मशिन भंगारात गेलं. मीच दिलं. देताना काही वाटलं नाही.

एक मात्र सांगायचं आहे. त्या संध्याकाळी पडद्यावर अक्षरं आली आणि मी वाट बघत बसले. ती थिजली नाहीत. अंधार पडेपर्यंत थिजली नाहीत. मी पट्टीला हात लावला, ती गार होती, आणि मला हसू आलं. एकटीच मोठ्याने हसले. आई दारात येऊन उभी राहिली, तिने माझ्याकडे बघितलं आणि परत गेली. तुम्ही गेल्यानंतर मला पहिल्यांदा काही वाटलं ते हे. पुढे कधीतरी रडू येईल असं धरून चालले होते. ते अजून आलेलं नाही.