ग्रंथींचा धडा

सौंसर, डिसेंबर १९८६

प्रिय सुमन,

आज दहावीला ग्रंथींचा धडा शिकवायला घेतला. तू गेल्यानंतर पहिल्यांदाच. फळ्यावर मूत्रपिंड काढलं, त्यावर टोपीसारखी अ‍ॅड्रिनल ग्रंथी काढली आणि पुढे शिकवता येईना. मुलांना वाचायला सांगून खुर्चीवर बसलो. म्हणून हे पत्र.

पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर मी तुला लग्नाचं विचारलं, ते आठवतं? तू तेव्हा तिथल्या प्राथमिक शाळेत शिकवायचीस. "सर, तुमचे हात कापून राहिले," तू म्हणालीस. मी खुलासा केला, की भीती असो की प्रेम, ही ग्रंथी एकच रस रक्तात सोडते, त्यानं छाती धडधडते, हात थरथरतात. तू सगळं ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "त्या ग्रंथीले घेऊन या अन् माह्या बाबाले भेटा."

भेटलो. तिगावच्या संत्र्याच्या बागेत तुझ्या बाबांनी खाट टाकली, पाणी दिलं. "मास्तर, माणूस तुम्ही चांगले आहा. पण बौद्धाच्या घरी पोरगी देली, तर मले समाजात बसू देतीन काय?"

आपण छिंदवाड्याला कोर्टात लग्न केलं. तुझं माहेर तुटलं ते तुटलंच. तू त्याबद्दल कधी बोलली नाहीस. मी विचारायला हवं होतं, नाही का?

आपली नंदा दोन वर्षांची असताना तू एकदा विचारलंस, "आता मले पाहून धडधडते काय तुमची छाती?"

"शरीराला सवय होते," मी म्हणालो. "पहिली झिंग टिकत नाही."

"मंग आता काय राह्यलं?"

मी वह्या तपासत होतो. उत्तर दिलं नाही. तूही पुन्हा विचारलं नाहीस. माझं म्हणणं एवढं कशाला मानून घेतलंस?

यंदा तुला कावीळ झाली, तीही तू अंगावर काढलीस. मी शरीरशास्त्र शिकवणारा माणूस, आणि तुझे पिवळे डोळे मला आठवडाभर दिसले नाहीत. रोज समोर असलेल्या माणसाकडे आपण पाहत नाही. हीसुद्धा सवयच. नागपूरला नेलं तोवर उशीर झाला होता.

आता मला भूक लागत नाही. डॉक्टर म्हणतात, शरीरात दोष नाही. माझी भूक, माझी झोप तुझ्या घरात वावरण्यावर चालत होती, हे आता कळतं. ज्याला मी नुसती सवय म्हणालो, तेच राहिलं होतं, सुमन. तुझ्या प्रश्नाचं उत्तर ते होतं.

परवा नंदानं छातीवर हात ठेवून विचारलं, "बाबा, आईची आठवण आली का इथं काऊन दुखते?" मला उत्तर ठाऊक होतं, निदान अर्धं. ते दिलं नाही. "माह्याही दुखते," म्हणालो. ती मांडीवर डोकं ठेवून झोपली.

तुला एक शब्द देतो. ती काही विचारेल, तेव्हा हातातलं काम खाली ठेवीन आणि तिच्याकडे पाहीन.

तुझा,
वामन