काडीकचरा

अकोला, ९ डिसेंबर २०१५, संध्याकाळ

आज आईची तेरवी झाली. डॉक्टर भाची सांगत होती, मेंदूतला काही कचरा रक्तातून यकृतात येतो आणि तिथल्या रक्षक पेशी तो गिळतात. अल्झायमरशी त्यांचा नेमका संबंध अजून शोधताहेत. "मामा, दिसत नाहीत, पन दिवसरात वेचून राहिल्या." केवढं निमूट काम! आईच्या पेशी थकल्या असतील का? बोटं तर थकली नाहीत. सगळं विसरली, तरी कापसातला काडीकचरा वेचत बसायची. मी एकदा ओरडलो, "काहून तेच तेच करून राहिली?"

"मंग कोन करीन, भाऊ?"

परक्याला म्हणतात तसं भाऊ. पोटच्या मुलाला.

त्याच कापसाची उशी आज उसवून पाहिली. एकही काडी सापडली नाही.