२.१७ वरची माझी रेघ

३ ऑक्टोबर
लॅबमधलं कॉन्ट्रॅक्ट ३१ तारखेला संपतं. ताईला नोव्हेंबरात बाळ होणार, आणि पीएचडी झाल्यापासून दोन वर्षं मी तिच्याकडे ज्या खोलीत राहतोय तिथे पाळणा यायचाय. आज भावजी टेप घेऊन खोली मोजत होते. एक भिंत मोजायची राहिली, कारण तिथे पलंग होता आणि पलंगावर मी. काळजीचं कारण नाही. पुढच्या आठवड्यात केमिस्टांची परिषद आहे. नोकरी खिशात घालूनच परत यायचं.
संकल्प: सहाला उठणे. रोज पाच मोठ्या माणसांशी ओळख. कोणापुढेही गरजू दिसायचं नाही.

४ ऑक्टोबर, सकाळी ९.४०
उठलो.

७ ऑक्टोबर
पोस्टर तयार. मधोमध माझा एनएमआरचा, म्हणजे नमुन्यात कोणता पदार्थ आहे ते रेघांनी दाखवणाऱ्या मशीनचा आलेख, त्यात २.१७ वर एक उंच, एकटी, ठसठशीत रेघ. दोन वर्षं जो नवा पदार्थ बनवतोय तो बनल्याची खूण! तिच्याकडे लाल बाण काढला. बाण जरा मोठा झालाय, पण असू दे, कर नाही त्याला डर कशाला.
शेजारच्या टेबलावर काम करणारी ज्युनिअर (एमएस्सी होऊन जेमतेम वर्ष) म्हणाली की रेघ नमुन्याची ट्यूब धुतो त्या सॉल्व्हंटची तर नाही ना, आलेख एकदा परत घेऊन बघा. तिला समजावलं की शंका घ्यायलाही अनुभव लागतो. सरांना फाइल पाठवली. चार मिनिटांत 'ओके' आलं. याला म्हणतात विश्वास.

११ ऑक्टोबर, परिषद, दिवस पहिला
बॅजला हिरवी रिबन लावून दिली, त्यावर 'प्रथमच सहभागी'. ताबडतोब काढली. ज्युनिअर ती दिवसभर मिरवत होती. रिबन बघून अनोळखी लोक आपणहून तिला कॉफीला नेत होते. कीव आली.
कोपऱ्यात रेझ्युमे तपासून देणारं टेबल, शेजारी सरावाच्या मुलाखती. फुकट. रांग ही एवढी. ज्युनिअर रांगेत. मी लांबून पाहिलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तो हा.
आज ओळखी: एक. तो स्पीकरची वायर शोधत होता.

१२ ऑक्टोबर, दुपार
'ज्येष्ठांसोबत जेवण'. एका टेबलावर एक ज्येष्ठ आणि सहा नवशिके. मी माझ्या कामाविषयी पस्तीस मिनिटं बोललो. ज्येष्ठांचं सूप गार झालं. उठताना म्हणाले, तुम्हाला सल्ल्याची गरज दिसत नाही. त्यांच्यासारख्या माणसाने असं म्हणणं ही लहान गोष्ट नाही.

संध्याकाळ
विजय! एका औषध कंपनीच्या क्वालिटी लॅबच्या प्रमुख मॅडम माझ्या पोस्टरसमोर अकरा मिनिटं थांबल्या. रेघेकडे एकटक बघत होत्या. विचारलं, ट्यूब कशाने धुता? म्हटलं, अ‍ॅसिटोनने, तीनदा. आणि सुकवता? म्हटलं, कामाच्या धांदलीत सुकवत कोण बसतंय. त्यांनी आलेखाचा फोटो काढला, बरोबरच्या माणसाला दाखवला, दोघंही हसले. कौतुकानेच. कार्ड दिलं. उद्या चारला बोलावलंय.
ताईला फोन केला. सांगितलं, नोकरी झाली असंच समज. ताई फोनवर रडली. भावजींनी लगेच पाळणा सांगून टाकला.

१३ ऑक्टोबर
चारला गेलो. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तुमची ती रेघ अ‍ॅसिटोनची आहे. कोरड्या ट्यूबमध्ये परत घ्या आणि जे दिसेल ते मला कळवा. आमच्याकडे एक जागा आहे, आणि स्वतःची चूक सांगणारा माणूस मला हवाय."
परीक्षा घेत होत्या, उघड आहे. मी डगमगतो का ते बघत होत्या. नाही डगमगलो. जेवलो मात्र नाही.

१६ ऑक्टोबर
एनएमआरच्या मशीनला गर्दी होती.

१७ ऑक्टोबर
मशीन रिकामं होतं. पण घाईत घेतलेल्या आलेखाला अर्थ नसतो.

२० ऑक्टोबर
ट्यूब ओव्हनमध्ये वाळवली. आलेख घेतला. रेघ नाही.
उरलं तेवढंच, जे मी सुरुवातीला फ्लास्कमध्ये टाकलं होतं. म्हणजे दोन वर्षं मी एकच पदार्थ नुसता ढवळत होतो. दार लावून बसलो. रडू आलं. लिहून ठेवतो, इथे कोण वाचणार आहे.

२१ ऑक्टोबर
मॅडमना मेल लिहायला घेतला. पहिल्या मसुद्यात दोष ट्यूबच्या कंपनीचा. दुसऱ्यात हवेतल्या ओलाव्याचा. तिसऱ्यात ज्युनिअरचा. तिन्ही पुसले.

२३ ऑक्टोबर
पाठवला. 'मॅडम, रेघ अ‍ॅसिटोनचीच होती. चूक माझी.' एवढ्याला तीन दिवस लागले.

२४ ऑक्टोबर
उत्तर आलं. 'खरं कळवल्याबद्दल आभार. वाट पाहिली. जागा काल भरली.'
दुपारी ज्युनिअरने लॅबमध्ये केक आणला. जागा तिलाच. रेझ्युमेच्या टेबलावर त्याच मॅडम बसल्या होत्या म्हणे. मी अभिनंदन केलं. केक चांगला होता, दोन तुकडे घेतले. जाताना तिने दुसऱ्या एका कंपनीचा अर्ज माझ्या टेबलावर ठेवला. मी तो घडी घालून बॅगेत टाकला.

२५ ऑक्टोबर
ताईला सगळं सांगितलं. भावजी घसा खाकरून बाहेर गेले. पाळणा खोक्यातच भिंतीला टेकून होता, पलंगाशेजारी. लाज वाटली, आणि ओझं उतरल्यासारखंही वाटलं.
मग अर्ज भरायला बसलो. 'आजवरचं यश' या रकान्यापाशी तासभर. तो सोडला. खाली विचारलं होतं, पत्ता कायमचा की तात्पुरता. ताईला विचारलं, काय लिहू?
पाळण्याचं खोकं उघडत ती म्हणाली, "तात्पुरता लिही. बाळ चालायला लागेपर्यंत."